जमानत मंजूर, माणूस आतच: अंडरट्रायल रिव्ह्यू कमिटीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
अंडरट्रायल रिव्ह्यू कमिटी,
म्हणजे कच्च्या कैद्यांच्या केसेस तपासणारे जिल्हा न्यायाधीश साहेब, जिल्हाधिकारी, एसपी साहेब, विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव आणि जेलचे अधीक्षक

विषय: गांजा, एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) आणि कट्ट्याच्या (गावठी पिस्तुलाच्या) केसमधली जमानत, आणि तिच्यासाठी लागणारा सातबारा

नमस्कार.

मागच्या आठवड्यात पेपरच्या जिल्हा पानावर तुमच्या तिमाही बैठकीची बातमी होती, चार कॉलम, फोटोत सगळे ओळीनं, टेबलावर फुलदाणी. खाली लिहिलं होतं की जामीन मंजूर होऊनही कारागृहात राहिलेला एकही बंदी आता जिल्ह्यात उरलेला नाही. मी ती बातमी वाचत होतो तेव्हा माझ्या काउंटरसमोर एक बाई उभी होती, कोलाम आदिवासींच्या पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, हातात पन्नीत गुंडाळलेला कोर्टाचा ऑर्डर. नवऱ्याची जमानत मंजूर झाल्याचा ऑर्डर. तारीख पाहिली, मोजलं, ६३ दिवस झाले होते. नवरा अजून आतच. पेपर घडी करून ड्रॉवरमध्ये टाकला आणि त्याच रात्री हे पत्र लिहायला बसलो, चार वेळा खोडलं, कारण राग आला की माझी भाषा बिघडते आणि मला कोणाला शिव्या द्यायच्या नाहीत.

मी कोण ते सांगतो. तालुक्याच्या गावी तहसीलच्या रोडवर माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, असली कामं. घरची साडेचार एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. वकील नाही, पुढारी नाही. पण जमानतीला सॉल्व्हन्सी लागते, म्हणजे ऐपतीचा दाखला, आणि त्याचा अर्ज आमच्यासारख्याकडूनच भरल्या जातो, त्यामुळे तालुक्यात कोण आत आहे, कोणासाठी कोण उभा होऊन राहिला, आणि कोणासाठी कोणीच नाही, हे ठाणेदारानंतर मलाच माहीत असते. ई-कोर्टच्या साइटवरून ऑर्डर काढून द्यायचे दहा रुपये घेतो. काढता काढता वाचायची सवय लागली, ती काही चांगली सवय नाही, झोप जाते.

आणि मी मामा आहे. माझी बहीण विधवा, बिनजमिनीची, रोजमजुरीनं जाते. तिचा पोट्टा २१ वर्षांचा, जिनिंगवर हंगामी काम करायचा. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी एसटी स्टँडच्या मागं पोलिसांनी त्याला पकडलं, सिमेंटच्या चुंगडीत गांजा होता. मी इथं त्याची वकिली करून नाही राहिलो. तो ओढायचा, मला माहीत होतं, दोनदा थोबाडीत पण मारली होती. त्या दिवशी तो दुसऱ्याचा माल चार पैशासाठी इकडून तिकडे नेऊन राहिला होता, तेही त्यानंच कबूल केलं माझ्याजवळ. ज्याचा माल तो चार्जशीटमध्ये 'फरार' आहे. असतेच फरार. ओडिशाकडचा गांजा रेल्वेनं, ट्रकनं नागपूरवरून पुढं जातो हे शाळेच्या पोराला पण माहीत आहे, पण सापडते कोण, तर शेवटच्या टोकाचा चुंगडीवाला.

पंचनाम्यात लिहिलं की 'पानं, फुलं, बिया व काड्यांसह ओलसर, उग्र वासाचा पदार्थ, वजन १ किलो ३४० ग्रॅम'. आता हे ३४० ग्रॅम नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कथा त्याच्यावर उभी आहे. एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजाची 'अल्प' मात्रा १ किलोपर्यंत, 'व्यावसायिक' मात्रा २० किलोच्या वर. १ किलोच्या आत असलं तर जास्तीत जास्त १ वर्ष शिक्षा. १ किलोच्या वर गेलं की १० वर्षांपर्यंत. मग ते १ किलो ३४० असो की साडेएकोणीस किलो, एकच खण. चुंगडीचं वजन किती, ओल किती, काड्या किती, ते वेगळं कुठंच लिहिलेलं नाही. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलं-फळं आलेले शेंडे, पानं आणि बिया शेंड्यासोबत नसल्या तर त्या गांजातच मोडत नाहीत. मी म्हणत नाही की त्याचा माल १ किलोच्या आतच होता. मी म्हणतो की कोणी पाहिलंच नाही. किराणा दुकानात तेलाचा डबा मोजताना आपण आधी रिकामा डबा मोजतो, अन् इथं एका माणसाचे नऊ वर्षं त्या काट्यावर होते.

जमानतीचा अर्ज बाराव्या दिवशी टाकला. सरकारी पक्षाचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, आला नाही म्हणून तारीख, मग तपास अधिकारी बंदोबस्तात म्हणून तारीख, मग पुन्हा तारीख. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सतेंदरकुमार अंतिल केसमध्ये सांगितलं होतं की जमानतीचा अर्ज साधारण दोन आठवड्यांत निकाली काढा. आमचा ४१व्या दिवशी निघाला, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. ५० हजाराचा पीआर बॉण्ड, म्हणजे स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक स्थानिक ऐपतदार जमानतदार. बहिणीनं गावात पेढे नाही वाटले, पण गूळ-शेंगदाणे वाटले.

आणि मग तो ९८ दिवस आतच राहिला.

कारण माझ्या सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे. मला बिनाबोजाचा सातबारा असलेला कोरडवाहू कास्तकार दाखवा तुम्ही, मी त्याला हार घालतो. दुसरा पाहुणा तयार झाला तर त्याची जमीन शेजारच्या जिल्ह्यात, चालत नाही म्हणे. तिसऱ्याचा अर्ज तलाठी अहवालासाठी पडला (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असते, नाव बदललं, टेबल तेच आहे), मग मंडळ अधिकारी, मग तहसीलदार रजेवर. तोपर्यंत त्याच्या बायकोनं त्याला घरी झापलं, गांजावाल्यासाठी वावर गहाण ठेवतो काय म्हणून, आणि त्यानं अर्ज मागं घेतला. मी त्या बाईला दोष देत नाही.

बहीण दर पंधरा दिवसाला हाफ तिकिटावर जेलपर्यंत जायची, ६२ किलोमीटर. एकदा येऊन म्हणाली, "दादा, साहेबानं सोडलं म्हनते त लेकरू आतच काऊन हाय? सोडलं म्हंजे काय सोडलं मंग?" मी तिला सॉल्व्हन्सी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो आणि अर्ध्यातच थांबलो, कारण मलाच ते सांगताना लाज वाटून राहिली होती. शेवटी लोकअभिरक्षक कार्यालयातल्या, म्हणजे गरिबांची केस फुकट लढणाऱ्या ऑफिसातल्या, एका वकील मॅडमनं जमानतदाराऐवजी रोख रक्कम भरायची परवानगी मागितली, कोर्टानं १५ हजारावर मान्य केलं, बहिणीनं गाय आणि कालवड विकली. संक्रांतीच्या चार-पाच दिवस आधी पोट्टा बाहेर आला. दिवाळी गेली, वेचणीचा हंगाम गेला, जिनिंगचं काम दुसऱ्याला लागलं.

एकूण १३९ दिवस. आता ते ३४० ग्रॅम पुन्हा आठवा. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याचं, बीएनएसएसचं कलम ४७९ सांगते की पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्यानं कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बॉण्डवर सोडायचं, आणि त्यासाठी जेल अधीक्षकांनी स्वतःहून कोर्टाला अर्ज करायचा. माल १ किलोच्या आत निघाला असता तर कमाल शिक्षा १ वर्ष, तिचा एक तृतीयांश ४ महिने. म्हणजे त्याचं नाव तुमच्याच यादीत यायला पाहिजे होतं. काड्या आणि चुंगडी धरून १० वर्षांच्या खणात गेला, तर एक तृतीयांश होते ३ वर्षं ४ महिने.

आत त्याला कोणासोबत ठेवलं होतं विचारू नका. आत गेला तेव्हा पुडी ओढणारा पोट्टा होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर तीन मोबाइल नंबर होते, एक नागपूरचा, एक रायपूरकडचा, एक कुठला सांगितलाच नाही. चिठ्ठी मी चुलीत टाकली. पाठ केले असतील तर माझ्या हातात काय आहे.

आता दुसरी केस. त्याच हंगामात आमच्या तालुक्यात एक जण सापडला, त्याच्याजवळ ३४ ग्रॅम एमडी, एक देशी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसं. कट्टे कुठून येतात ते मी सांगायची गरज नाही, सातपुड्याच्या पलीकडून, मध्य प्रदेशातून. एमडीची व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅम. ५० ग्रॅमच्या वर गेलं असतं तर कलम ३७ लागलं असतं, म्हणजे आरोपी दोषी नाही असं मानायला सबळ कारण आहे आणि बाहेर गेल्यावर तो पुन्हा गुन्हा करणार नाही, या दोन्ही गोष्टींची खात्री पटल्याशिवाय कोर्ट सोडूच शकत नाही. हा १६ ग्रॅमनं वाचला. म्हणजे माझा भाचा आणि हा, दोघं १० वर्षांच्या एकाच खणात, एक चुंगडीवाला आणि एक कट्टेवाला. बॉण्ड पण दोघांना तेवढाच, ५० हजार.

त्याची जमानत १६ दिवसांत झाली आणि तो त्याच संध्याकाळी घरी होता. मला माहीत आहे कारण त्याच्या जमानतदाराचे कागद मीच प्रिंट केले. ऑर्डर यायच्या आदल्या दिवशीच दोन माणसं माझ्याकडे आली, दोघांचे सातबारे कोरे, सॉल्व्हन्सी आधीच काढून ठेवलेली, फक्त झेरॉक्स पाहिजे होत्या. बारा पानं, चोवीस रुपये. सुट्टे पण ठेवा म्हणाले.

त्याला जमानत का दिली असं मी विचारत नाही. शिक्षा होईपर्यंत माणूस निर्दोष, हे मला मान्य आहे, आणि कोर्टासमोर जे ठेवल्या जाते त्यावरच कोर्ट बोलते. पण ऑर्डर मी वाचला आहे. त्यात लिहिलं आहे की सरकार पक्षानं आरोपीच्या पूर्वीच्या गुन्ह्यांबद्दल काही रेकॉर्डवर आणलेलं नाही. त्याच्यावर शेजारच्या जिल्ह्यात मारामारी आणि हत्याराचे दोन गुन्हे आहेत, हे आमच्या पानठेल्यावर सगळ्यांना माहीत आहे, ई-कोर्टवर नाव टाकलं तर मला तीन मिनिटांत दिसलं, आणि पोलिसांजवळ तर सीसीटीएनएस, म्हणजे गुन्ह्यांचं ऑनलाइन रेकॉर्ड, आहे. एसपी साहेब, 'से' मध्ये फक्त एवढं होतं की तपास सुरू आहे, आरोपी पुराव्यात ढवळाढवळ करेल, सबब जामीन देऊ नये. हेच वाक्य माझ्या भाच्याच्या 'से' मध्ये पण होतं. शब्द न् शब्द तेच. एवढंच की भाच्याचं यायला महिना लागला.

त्या केसमधला पंच आमच्या शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीचा शिपाई आहे. गरीब माणूस, पोलिसांनी बोलावलं म्हणून गेला आणि सही केली. जमानतीच्या अटीत आहे की साक्षीदाराशी संपर्क करू नये, दर रविवारी ठाण्यात हजेरी लावावी. तो कट्टेवाला सुटल्याच्या चौथ्या दिवशी शिपायाच्या घरासमोरच्या चौकात गाडीवर बसला होता. शिपाई नळ सोडायला निघाला तर एवढंच म्हणाला, "काय मामा, तब्येत बरी आहे ना?" बस. याला धमकी म्हणून कोणत्या कलमात बसवाल? शिपायानं मला येऊन विचारलं, माझी सही कॅन्सल करायचा ऑनलाइन काही फॉर्म असते काय. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली, तिचा अर्ज जिल्ह्यातल्या ज्या समितीकडे करायचा तिचे अध्यक्ष पण जिल्हा न्यायाधीशच असतात. म्हणजे अध्यक्ष महोदय, ती खुर्ची पण तुमचीच. ठाण्यात कोणी त्या शिपायाला ही योजना आहे म्हणून सांगितलं नव्हतं, मी सांगितली तर तो आणखीच घाबरला, अर्ज केला म्हणजे त्याला कळेल म्हणाला.

तिसरी केस त्या कोलाम बाईची. तिच्या नवऱ्याजवळ बापापासूनची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक होती. रानडुकरं तूर ठेवत नाहीत, हे तुम्ही गाडीतून पाहिलं नसेल पण आम्ही रात्रभर माळ्यावर बसून पाहतो. बंदुकीला लायसन नव्हतं, गुन्हा आहे, वाद नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बिनलायसन बंदुकीला कमीत कमी २ आणि जास्तीत जास्त ५ वर्षं. त्याला १५ हजारावर जमानत झाली, स्थानिक जमानतदारासह. पोडावर जमीन आहे कोणाची? वनहक्क पट्टे आहेत. आणि वनहक्काची जमीन कायद्यानंच विकता येत नाही, पोरांच्या नावावर होते पण दुसऱ्याला देता येत नाही, मग तिच्यावर ऐपतीचा दाखला कोण देईल? सरकारनंच पट्टा दिला, सरकारच म्हणते हा पट्टा मोजत नाही. पूर्ण पोड उभा राहिला तरी त्या माणसाला एक जमानतदार मिळू शकत नाही, तीस घरं असूनही.

हे काही मला आज सुचलेलं नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याची केस सर्वोच्च न्यायालयात गेली होती. मॅजिस्ट्रेटनं १० हजाराचा जमानतदार मागितला आणि त्याचा सख्खा भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला स्वतःच्या १ हजाराच्या बॉण्डवर सोडायला सांगितलं. मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो. आणि माझ्या पाहुण्याचा सातबारा आजही शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून परत येते.

बरं, ते जुनं झालं म्हणा. ३१ जानेवारी २०२३ चा आदेश घ्या. सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जमानत झाल्यावर ७ दिवसांत माणूस सुटला नाही तर जेल अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. एक महिन्यात बॉण्ड भरला नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करायचा विचार करू शकते. आणि स्थानिक जमानतदाराची अट सुटकेला उशीर लावते, ती घालू नये. अधीक्षक साहेब, कोलाम माणसाचे ६३ दिवस म्हणजे ७ दिवस नऊ वेळा झाले. कळवलं का? कळवलं असेल तर सचिव साहेब, पोडावर कोणी गेलं का? तुमचे पीएलव्ही, म्हणजे विधी सेवेचे स्वयंसेवक, माझ्याच केंद्रात चहा प्यायला येतात, १५१०० या हेल्पलाइनचं स्टिकर मीच काचेवर लावलं आहे. मला वाटते तो माणूस तुमच्या यादीतच नाही, कारण यादी करताना 'जामीन मंजूर' दिसलं की त्याला निकाली धरत असतील. तसं नसेल तर मला खोटं पाडा, मी इथंच माफी मागतो.

पैशाचं पण पाहा. केंद्र सरकारनं २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली, जमानतीची रक्कम भरायला मदत, निर्णय जिल्ह्याच्या समितीनं घ्यायचा आणि त्या समितीत बहुतेक तुम्हीच लोक आहात. पण तिच्यातून एनडीपीएसचे आरोपी वगळलेले आहेत. सरसकट. २ क्विंटलचा ट्रकवाला पण बाहेर आणि १ किलो ३४० चा चुंगडीवाला पण बाहेर. गंमत म्हणजे हत्यार कायदा त्या वगळलेल्या यादीत नाही. मग भरमारवाल्याला ते १५ हजार मिळायला काहीच अडचण नव्हती ना? पैसा योजनेत, माणूस आत, बायको माझ्या काउंटरवर, आणि मधात कोणीच नाही.

आणि ही पोकळी कशानं भरते ते पण सांगतो. कोर्टाच्या आवारात भाडोत्री जमानतदार फिरतात, सगळ्यांना माहीत आहे, त्यांचे दर ठरलेले आहेत. माझ्याकडे एक जण आधारवरचा फोटो बदलून मागायला आला होता, एका सातबाऱ्यावर तीन ठिकाणी उभा राहायला. नाही म्हटलं तर म्हणे समोरच्या गल्लीत करून देतात. म्हणजे ज्याच्याजवळ पैसा त्याला नकली सातबारा मिळते, ज्याच्याजवळ नाही त्याला खरा पण चालत नाही.

काही वाचणारे म्हणतील, गांजावाल्यांना अन् कट्टेवाल्यांना जमानतच कशाला, सडू द्या आत. आमच्या गावातही म्हणतात. त्यांना माझं एवढंच म्हणणं की आपण विदर्भवाले आहोत, बंद करून काय होते ते आपल्याला शिकवायची गरज नाही. वर्ध्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला लागली आणि २०२१ ला उठली. कोणत्या पोट्ट्याला कोणत्या गल्लीत काय मिळते ते तुम्हाला आणि मला दोघांनाही माहीत आहे. ज्या आईनं पोराला व्यसनातून काढायला दार ठोठावलं तिला आमच्या तालुक्यात व्यसनमुक्तीचा एक बेड मिळत नाही. एनडीपीएसमध्येच कलम ६४अ आहे, व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला गेला तर अल्प मात्रेच्या केसमध्ये त्याच्यावर खटला चालत नाही. पण उपचार कुठं घ्यायचा, नागपूरला? मजुरी पाडून?

म्हणून मागण्या. नोटशीटवर घेता येतील अशाच लिहिल्या आहेत.

एक. कोलाम माणसाची सुटका याच आठवड्यात करा, पीआर बॉण्डवर किंवा गरीब कैदी योजनेतून. अट सैल करायचा अर्ज लोकअभिरक्षक कार्यालयाकडून लावा, बाईला पुन्हा तालुक्याला चकरा मारायला लावू नका.

दोन. जमानत मंजूर होऊन ७ दिवसांवर आत असलेल्यांचा आकडा दर महिन्याला कोर्टाच्या आणि जेलच्या बोर्डावर लावा. नावं नका लावू, आकडा आणि दिवस लावा. पेपरात शून्य छापायच्या आधी तो बोर्ड पाहता येईल.

तीन. एसपी साहेब आणि सरकारी वकील साहेबांनी हत्यार आणि एमडीच्या प्रत्येक केसमध्ये आधीचे गुन्हे 'से' सोबत जोडावेत, आणि हजेरी न लावणाऱ्याची जमानत रद्द करायचा अर्ज खरंच करावा. आणि ज्याच्यावर आधीचं काही नाही, त्याच्या 'से' मध्ये तसं लिहा. ते पण तुमचंच काम आहे. 'से' दोन आठवड्यांच्या आत द्या, दोघांचाही.

चार. गांजा मोजताना रिकामी चुंगडी वेगळी मोजा, ओल आणि काड्यांची नोंद करा, आणि काट्याचा आकडा व्हिडिओत दिसू द्या. १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं व्हिडिओ शूटिंग तसंही करायचंच आहे. आमच्या केसमध्ये व्हिडिओ आहे, त्यात पोट्ट्याचा चेहरा दिसते, काटा दिसत नाही.

पाच. ज्याच्याजवळ वनहक्क पट्टा आहे, वर्ग २ ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) जमीन आहे किंवा जमीनच नाही, त्याच्यासाठी ऐपतदार जमानतदाराऐवजी दुसरा मार्ग सुचवा. ग्रामसभेची ओळख, बचत गटाच्या दोन बायांची हमी, हजेरी, काही पण. माणूस पळून जाईल काय हे पाहायचं असेल तर त्याचं घर, म्हातारी माय, शाळेतली पोरं पाहा.

सहा. गरीब कैदी योजनेतून एनडीपीएसच्या अल्प आणि मधल्या मात्रेच्या आरोपींना वगळू नका, अशी शिफारस वर पाठवा. निर्णय तुमचा नाही हे मला समजते, पत्र पाठवायला तर मनाई नाही.

सात. त्या शिपायाला कोणीतरी साध्या कपड्यात भेटून धीर द्या. गाडीवर दिवा लावून जाऊ नका, उलटं होईल.

हे पत्र टाकल्यावर मला काय होईल ते माहीत नाही. केंद्राचं लायसन तहसीलच्याच हातात आहे, बायको दोन दिवसांपासून बोलून नाही राहिली. कट्टेवाल्याचे लोक पण माझ्याचकडे झेरॉक्सला येतात, येतील तर देईन, धंदा आहे.

माझ्या काउंटरवर गेल्या सहा महिन्यांत जमानत होऊनही कागदासाठी अडकलेले जे लोक आले, त्यांतले ११ माझ्या माहितीप्रमाणे अजून आत आहेत. त्यांची नावं आणि केस नंबर इथं टाकत नाही, बंद पाकिटात आवक शाखेत दिले आहेत, शिक्का मारलेली पोच माझ्याजवळ आहे. त्यातली आठ नावं एनडीपीएसची, तीन हत्याराची. एकाचा पण सातबारा नाही.

ती बाई सोमवारी बाजाराच्या दिवशी पुन्हा येणार आहे. तिला काय सांगायचं तेवढं त्याच्या आधी कळवा.

आपला,
तहसील रोडवरचा सेवा केंद्रवाला